हत्तुशातला इंद्र आणि माझी एक चूक

आजचा भाग एका चुकीपासून सुरू होतोय, आणि चूक माझी आहे.

काही महिन्यांपूर्वी घोड्यांवर एक एपिसोड केला होता. त्यात ओघाओघात मी म्हणून गेलो की तुर्कस्तानातल्या हत्तुशा नावाच्या शहरात साडेतीन हजार वर्षांपूर्वी लोक इंद्र-वरुणाची पूजा करायचे. एक वाक्य. पुढे गेलो, विसरलो. मग कुणीतरी तेवढाच तुकडा कापला, मागे शंखनाद लावला आणि सोडला व्हॉट्सअॅपवर. तो फिरत फिरत आमच्या घरच्या ग्रुपवर आला. पाठवला काकांनी, वर लिहिलेलं: "तू इतिहासाचं करतोस ना, हे ऐक जरा." आवाज माझाच! काकांना ओळखू आला नाही, बहुतेक शंखामुळे.

तोपर्यंत गंमत वाटत होती. मग एका श्रोत्याचा मेसेज आला. दोनच प्रश्न. इंद्राचं मंदिर हत्तुशात नेमकं कुठे आहे? आणि मूर्ती सापडली का? मी शोधायला बसलो आणि दोन्ही प्रश्नांची उत्तरं 'नाही' निघाली. मंदिर नाही, मूर्ती नाही. इंद्राचं नाव तिथे सापडलंय हे शंभर टक्के खरं, पण मी सांगितलं त्या अर्थाने नाही. त्यामुळे आज ते गाव नीट, पहिल्यापासून बघू.

गावाचं आजचं नाव बोआझकाले. अंकाराच्या पूर्वेला साधारण दोनशे किलोमीटरवर, चोरुम प्रांतात. समुद्रसपाटीपासून जवळपास हजार मीटर उंचीवर, हिवाळ्यात भरपूर बर्फ. छोटंसं गाव आहे. एक संग्रहालय, थोडी हॉटेलं, आजूबाजूला शेती. आणि गावाच्या डोक्यावर, डोंगरउतारावर पसरलेलं हत्तुशा. तटबंदी सहा किलोमीटरहून लांब, आतली जागा सुमारे साडेचारशे एकर. म्हणजे आजचं गाव हे जुन्या शहराच्या पायथ्याशी चिकटलेलं शेपूट वाटावं इतका फरक.

पण सुरुवात एवढी भव्य नव्हती. इथे आधी राहत होते ते हत्ती लोक. (हो, उच्चार आपल्या हत्तीसारखाच. प्राण्याशी संबंध शून्य.) ते शहराला हत्तुश म्हणायचे. आजच्या इराकमधल्या अश्शूरचे व्यापारी गाढवांवर कथील आणि कापड लादून इथपर्यंत यायचे, त्यांची इथे पेठ होती. इ.स.पू. १७०० च्या आसपास अनित्त नावाच्या राजाने हे शहर घेतलं, जाळून टाकलं आणि वर शाप लिहून ठेवला: माझ्यानंतर जो राजा हे पुन्हा वसवेल त्याच्यावर वादळदेव कोपो.

जेमतेम शंभर वर्षांत एका राजाने तिथेच राजधानी केली. नुसती केली नाही, स्वतःचं नावच ठेवलं हत्तुशिली, म्हणजे हत्तुशाचा माणूस. शापाला भीक घातली नाही. आणि नवल म्हणजे तो शापाचा मजकूर याच राजधानीत नकलून, जपून ठेवला गेला. आपल्याच शहराला दिलेला शाप आपल्याच दफ्तरात! मला या लोकांबद्दल पहिल्यांदा प्रेम वाटलं ते इथे.

हे नवे राज्यकर्ते म्हणजे ज्यांना इंग्रजीमुळे आपण हिटाइट म्हणतो ते. ते स्वतःच्या देशाला 'हत्ती देश' म्हणायचे, म्हणजे नाव आधीच्या लोकांचं घेतलं. स्वतःच्या भाषेला मात्र 'नेशाची भाषा' म्हणायचे, नेशा हे दुसऱ्या एका जुन्या शहराचं नाव. पुढची साडेचारशे वर्षं हत्तुशा ही त्या काळातल्या मोठ्या सत्तांपैकी एकीची राजधानी होती. इजिप्त, बॅबिलोन यांच्या बरोबरीची.

आणि मग ते जग विसरलं. खरंच पूर्ण विसरलं. १८३४ मध्ये शार्ल तेक्सिए नावाचा फ्रेंच प्रवासी ताविउम हे रोमन काळातलं गाव शोधत इथे पोचला. समोर एवढ्या प्रचंड भिंती, दगडी सिंहांचा दरवाजा, जवळच्या याझलकायाला खडकात कोरलेल्या देवांच्या रांगा. आपण काय बघतोय हे त्याला कळेना. रोमन तर नक्कीच नाही, एवढंच कळलं.

खरी गोष्ट फुटली १९०६ मध्ये. जर्मन अभ्यासक हुगो विंकलर आणि इस्तंबूलच्या संग्रहालयाचे थिओडोर माक्रिदी यांनी खोदायला सुरुवात केली आणि मातीच्या लिखित पाट्या निघायला लागल्या. हजारोंनी. आजवर इथून सुमारे तीस हजार पाट्या आणि तुकडे मिळालेत. ओल्या मातीवर काडीने खुणा दाबून लिहायची ती क्यूनिफॉर्म लिपी, आपल्याकडे तिला कीलाक्षर लिपी म्हणतात. त्या वेळच्या खोदकामाची पद्धत आजच्या हिशेबाने भयंकर होती. कुठली पाटी कुठल्या खोलीत, कुठल्या थरात सापडली याची धड नोंद नाही. डेटा आहे, मेटाडेटा गायब. माझ्यासारख्या माणसाला हे वाचून पोटात दुखतं.

त्याच वर्षी विंकलरच्या हातात एक पाटी आली, आणि तो ती ओळखू शकला, कारण त्याच कराराचा इजिप्शियन मजकूर इजिप्तमधल्या मंदिराच्या भिंतींवर कोरलेला माहीत होता. दुसरा रामसेस आणि तिसरा हत्तुशिली यांच्यातला इ.स.पू. १२५९ चा शांतता करार. आधी कादेशला दोघांच्या राज्यांची तुंबळ लढाई झाली होती, पंधरा वर्षांनी हा तह. एक प्रत नाइलकाठी, दुसरी इथे. म्हणजे हे कुठलं तरी आडगाव नाही, ही हत्ती देशाची राजधानी आहे हे तिथल्या तिथे सिद्ध झालं. त्या पाटीची तांब्यातली मोठी प्रतिकृती तुर्कस्तानने संयुक्त राष्ट्रांना भेट दिली, ती न्यूयॉर्कच्या मुख्यालयात आहे.

गंमत अशी की हा करार वाचता आला कारण तो अक्कादियन भाषेत होता. त्या काळातली दरबारी पत्रव्यवहाराची भाषा, म्हणजे तेव्हाची इंग्रजीच म्हणा. पण बहुतेक पाट्या दुसऱ्याच भाषेत होत्या. लिपी वाचता येतेय, आवाज कळतायत, अर्थ शून्य. ते कोडं सोडवलं बेदरिख ह्रोझ्नी या चेक अभ्यासकाने, १९१५ मध्ये, पहिलं महायुद्ध चालू असताना. त्याला एका वाक्यात भाकरीचं चिन्ह दिसलं. हे चिन्ह सुमेरियनमधून आलेलं, त्यामुळे ओळखीचं. मग शेजारचं क्रियापद 'खाणे' असेल का? आणि पुढे एक शब्द: वातार. इंग्रजीतला वॉटर! भाकरी खा, पाणी प्या असा काहीतरी अर्थ लागला आणि भाषेचं कुळच उघडं पडलं. ही इंडो-युरोपीय भाषा होती, त्या कुळातली सगळ्यात आधी लिहिली गेलेली.

आता मराठी कान लावून ऐका. वातार या शब्दाचा आपल्याकडचा नातेवाईक म्हणजे उदक. हिटाइट 'नेपिश' म्हणजे आकाश, आपलं नभ. 'गेनु' म्हणजे गुडघा, संस्कृतात जानु, आपण आजानुबाहू म्हणतो त्यातला. आणि 'युकान' म्हणजे बैलांच्या मानेवरचं जू. जू! शेतीतला इतका साधा शब्द. पण ही नाती लांबची आहेत. चुलत-चुलत भावंडं म्हणा, एकमेकांची भाषा कळायची नाही इतकी लांबची. हिटाइट भाषा संस्कृतची आई नाही, लेकही नाही.

मग इंद्र आला कुठून?

इथे आपल्याला बोआझकालेहून आग्नेयेला यायला लागेल. आजच्या आग्नेय तुर्कस्तानात आणि उत्तर सीरियात तेव्हा मितान्नी नावाचं राज्य होतं. तिथली प्रजा बोलायची हुर्रियन, जिचा ना संस्कृतशी संबंध, ना हिटाइटशी. पण तिथल्या राजांची नावं मात्र ओळखीची वाटतात. तुश्रत्त हे नाव अभ्यासक त्वेषरथ असं लावतात, ज्याचा रथ वेगाने धडधडत जातो तो.

या घराण्यात भाऊबंदकी माजली. तुश्रत्तचा खून झाला, त्याचा मुलगा शत्तिवाझ जीव वाचवून पळाला आणि थेट बापाच्या शत्रूच्या दारात, हत्ती राजा शुप्पिलुलिउमाकडे आला. तीन रथ, हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी माणसं आणि नेसत्या वस्त्रानिशी. हे मी रंगवून सांगत नाहीये, करारातच त्याच्या तोंडी ते आहे. शुप्पिलुलिउमाने हिशेब केला. आपली मुलगी त्याला दिली, सैन्य दिलं, गादीवर बसवलं आणि बदल्यात करार लिहून घेतला. साल इ.स.पू. १३५० च्या आसपासचं.

त्या काळातल्या करारात साक्षीदार म्हणून देव असायचे. करार मोडला तर शिक्षा कोण करणार? देव. आणि समोरचा माणूस फक्त त्याच्या स्वतःच्या देवांना घाबरणार, हे उघड आहे. म्हणून यादी दोन्ही बाजूंची. हत्तीच्या देवांची लांबलचक यादी, मग मितान्नीच्या देवांची. मितान्नीच्या यादीतही पुढे हुर्रियन देव, तेशुब वगैरे. आणि त्या रांगेत मधेच: मित्र, वरुण, इंद्र, नासत्य. नासत्य म्हणजे आपले अश्विनीकुमार. स्पेलिंग क्यूनिफॉर्मच्या सोयीने वाकलेलं, इंद्राचा इंदर झालेला. पण क्रम बघून अंगावर काटा येतो, ऋग्वेदातही हे देव असेच एकमेकांच्या जवळ येतात.

तर माझी चूक इथे. हे देव हत्तुशाच्या लोकांचे नव्हते. हत्तुशाच्या कारकुनाने ते लिहिले, कारण समोरचा पक्ष त्यांना मानणारा होता. कोर्टात साक्षीदाराला त्याच्या धर्मग्रंथावर हात ठेवून शपथ देतात, म्हणून न्यायाधीश त्या धर्माचा होत नाही. हत्तुशात आजवर तीसहून जास्त मंदिरं सापडली आहेत. सगळ्यात मोठं आहे ते वादळदेवाचं आणि अरिन्नाच्या सूर्यदेवीचं. हो, सूर्यदेवी, बाई. त्या मंदिरात एक गुळगुळीत हिरवा दगड आहे, पर्यटक त्याला हात लावून इच्छा मागतात. इंद्राचं तिथे काही नाही.

दुसरा पुरावा मला जास्त आवडतो, कारण तो देवांचा नाही, तबेल्यातला आहे. किक्कुली नावाचा मितान्नीचा अश्वशिक्षक. रथाचे घोडे कसे तयार करायचे याचं त्याचं मॅन्युअल हत्तुशाच्या दफ्तरात सापडलं. सुमारे सात महिन्यांचा कार्यक्रम आहे. कुठल्या दिवशी किती पळवायचं, कधी पाणी, कधी उपाशी ठेवायचं, कधी नदीत धुवायचं. मजकूर हिटाइट भाषेत. पण फेऱ्यांची संख्या आली की शब्द बदलतात: ऐकवर्तन, तेरवर्तन, पंझवर्तन, सत्तवर्तन, नववर्तन. एक, तीन, पाच, सात, नऊ. वर्तन म्हणजे वळण, फेरी. आपल्याकडे तबल्याचं आवर्तन असतं, कालव्याच्या पाण्याचं आवर्तन सुटतं, तोच धातू.

यातलं 'ऐक' सगळ्यात महत्त्वाचं. इराणी शाखेत एकला 'ऐव' म्हणायचे. 'क' असलेला एक ही भारतीय आर्य शाखेची खूण. म्हणजे किक्कुलीचे शब्द नुसते लांबच्या कुळातले नाहीत, ते आपल्याच फांदीवरचे आहेत. बहुधा घोडेवाल्यांची परिभाषा असणार. आपण 'सर्व्हर', 'रीस्टार्ट' भाषांतर न करता वापरतो तसं. ज्या धंद्यात जे लोक पुढे, त्यांचे शब्द राहतात.

मग हे लोक भारतातून गेले का? क्लिपच्या खाली याच्यावरच मारामाऱ्या होत्या, म्हणून सांगतो. पाटीवर याचं उत्तर नाही. कोण कुठून आलं हे तिथे लिहिलेलंच नाही. बहुतेक भाषाशास्त्रज्ञ मानतात की आर्यभाषा बोलणाऱ्या लोकांची एक टोळी मध्य आशियाच्या बाजूने पश्चिमेला गेली आणि तिचेच भाऊबंद भारताकडे आले. म्हणजे भारतातून तिकडे गेले असं नाही. मलाही तेच पटतं. कुणाला पटत नसेल तर वाद घाला, जरूर घाला. पण 'तुर्कस्तानात इंद्राची पूजा व्हायची' हा पुरावा त्यात वापरू नका, कारण तो पुरावा माझं एक बेसावध वाक्य आहे.

एक गोष्ट मात्र ठामपणे म्हणता येते. मित्र, वरुण, इंद्र, नासत्य यांची आज आपल्याला माहीत असलेली सगळ्यात जुनी लेखी नोंद हीच. ऋग्वेद तोंडी जपला गेला, कागदावर फार उशिरा आला. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेतल्या ऋग्वेदाच्या तीस हस्तलिखितांना २००७ मध्ये युनेस्कोच्या 'मेमरी ऑफ द वर्ल्ड' यादीत घेतलं, त्यातलं सगळ्यात जुनं इ.स. १४६४ चं आहे. हत्तुशाच्या पाट्या त्याच यादीत २००१ पासून आहेत. एकीकडे पाठांतर करणारी माणसं, दुसरीकडे परक्याचे देव नीट उतरवून घेणारा कारकून.

आणि तो कारकून एकटा नव्हता, ही त्या शहराची सवयच होती. हिटाइट, अक्कादियन, सुमेरियन, हत्ती, लुवियन, पलाइक, हुर्रियन, एवढ्या भाषा त्या दफ्तरात आहेत. ते स्वतःच म्हणायचे, हत्तीचे हजार देव. जिंकलेल्या गावचे देव आणायचे आणि त्यांच्याशी त्यांच्याच भाषेत बोलायचे. २०२३ मध्ये तर नवीनच भाषा सापडली. एका धार्मिक विधीच्या पाटीत हिटाइटमध्ये सूचना आहे की पुढचं कलाश्माच्या भाषेत म्हणा, आणि पुढे खरोखर त्या भाषेतला मजकूर. तोपर्यंत अशी भाषा होती हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

शेवट कसा झाला? बरीच वर्षं असं सांगायचे की शत्रू आले, कत्तल झाली, शहर जळालं. पण जर्मन पथकाला खोदताना दिसलं की जळालेली मोठमोठी मंदिरं आणि वाडे आग लागली तेव्हा आधीच बरेचसे रिकामे होते. चीजवस्तू उचलून लोक निघून गेले होते. पाट्या तेवढ्या मागे राहिल्या. का गेले याचा एक धागा झाडांत सापडला. गोर्डिऑन या दुसऱ्या प्राचीन ठिकाणच्या ज्युनिपरच्या लाकडातली वर्षवलयं तपासली, तेव्हा इ.स.पू. ११९८ ते ११९६ च्या सुमारास सलग तीन वर्षं कडक दुष्काळ दिसला. त्याआधीच इजिप्तच्या मेर्नेप्ताह राजाने हत्ती देश जगावा म्हणून धान्य धाडल्याचं कोरून ठेवलंय. हत्तुशात धान्याची प्रचंड कोठारं होती, एखादं वर्ष निघालं असतं. दुसरं कदाचित निघालं असतं. तिसऱ्या वर्षी काय होतं हे मराठवाड्यातल्या कुणालाही विचारा.

जाता जाता बोआझकालेच्या संग्रहालयातल्या दोन स्फिंक्सबद्दल. पहिल्या महायुद्धाच्या काळात दुरुस्तीसाठी म्हणून ते जर्मनीला नेले. एक १९२४ मध्ये परत आला. दुसरा बर्लिनलाच राहिला. शेवटी तुर्कस्तानने खोदकामाचा परवाना रद्द करू अशी तंबी दिली, तेव्हा २०११ मध्ये तो आला. आता दोघं आपल्या गावात, शेजारी शेजारी आहेत. शहराच्या तटाचा ६५ मीटरचा तुकडाही कच्च्या विटांनी जुन्या पद्धतीने पुन्हा बांधलाय, तो बघितला की बाकीच्या सहा किलोमीटरची कल्पना येते.

जुना एपिसोड मी काढून टाकलेला नाही. त्या वाक्याच्या आधी माझ्याच आवाजात वीस सेकंदांची दुरुस्ती जोडली आहे. क्लिपचं मात्र मी काही करू शकत नाही, ती माझ्या हातात नाही. काकांना ही सगळी गोष्ट फोनवर सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, मग म्हणाले, "पण आवाज तुझा होता हे आधी सांगायचं ना. मी साठ जणांना पाठवलंय."

साठ जणांना हा भाग पाठवायचं त्यांनी कबूल केलंय. शंखाशिवाय.